ऑइलचा काटा आणि धुराचा रंग

मालमोटार जुनी झाली म्हणजे निकामी झाली असे नव्हे, हे नाशिक जिल्ह्यातून बाहेर पडणाऱ्या शेतमालाकडे पाहिले तरी लक्षात येते. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्यांमधला कांदा ज्या ट्रकांवर लादला जातो, त्यांत ‘एमएच १५’ आणि मालेगावच्या ‘एमएच ४१’ क्रमांकाच्या, दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर काढलेल्या गाड्या सहज दिसतात. भारत स्टेज-३ मानकाच्या नव्या गाड्यांची विक्री ३१ मार्च २०१७ रोजी थांबली असली, तरी त्या पिढीतील आणि तिच्याही आधीची पुष्कळ इंजिने अजून मालकाचे हप्ते फेडून घर चालवत आहेत. नाशिक शहराची भौगोलिक जागाही अशी की मुंबईकडून जुन्या महामार्गाने येणाऱ्या भरलेल्या गाडीला कसारा घाट चढल्याशिवाय येथे पोहोचता येत नाही, आणि धुळ्याकडची वाट चांदवडजवळच्या राहूड घाटातून जाते. त्यामुळे सपाट मुलखात महिनोन्महिने झाकून राहणारी इंजिनाची दुखणी येथे अर्ध्या तासाच्या चढात उघडी पडतात.

द्वारका, वडाळा नाका आणि आडगावचे ट्रक टर्मिनल या पट्ट्यातील गॅरेजांत जुन्या ट्रकच्या ज्या तक्रारी येतात, त्यांत दोन तक्रारी पुन्हा पुन्हा जोडीने ऐकू येतात: ऑइल प्रेशर दाखवत नाही, आणि गाडी धूर मारते. या जोडगोळीवरचा ठरलेला निकालही सर्वांना पाठ आहे, ‘शेठ, इंजिन खोलावं लागेल.’ हा निकाल कधी बरोबर असतो, कधी अर्धवट बरोबर असतो, आणि कित्येकदा तो तपासणी होण्याआधीच लागलेला असतो. वस्तुतः दाब आणि धूर ही इंजिनाच्या दोन वेगळ्या भागांतून येणारी लक्षणे आहेत. दाबाचे मूळ बहुधा खाली, क्रँकशाफ्टच्या बाजूला असते, तर धुराचे मूळ वर, पिस्टन, वॉल्व्ह आणि नोझल यांच्या बाजूला असते. दोन्ही एकाच वेळी दिसली म्हणून दोन्हींचे कारण एकच असेल असे नाही, आणि एकच असले तरी ते इंजिनाच्या पोटातच असेल असेही नाही.

दाब कशाचा

इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या टाकीला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात. चेंबरमधील ऑइल जाळीतून ओढून पंप ते फिल्टर आणि कूलरमार्गे गॅलरीत, म्हणजे सिलिंडर ब्लॉकच्या लांबीभर गेलेल्या आडव्या वाहिनीत ढकलतो. तेथून ते क्रँकशाफ्टच्या मेन बेअरिंगांना, क्रँकच्या आतील छिद्रांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना, कॅमशाफ्टच्या बुशांना, वर रॉकरला आणि टर्बो असल्यास टर्बोला पोहोचते, आणि प्रत्येक ठिकाणच्या बारीक फटीतून निथळून पुन्हा चेंबरमध्ये पडते. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, ती अशी की पंप दाब तयार करत नाही. तो फक्त प्रवाह तयार करतो. दाब निर्माण होतो तो त्या फटींतून बाहेर पडताना ऑइलला होणाऱ्या अडथळ्यामुळे. द्राक्षबागेतील ठिबकच्या नळीला जागोजागी चिरा पडल्या तर मोटर तेवढेच पाणी फेकत राहते, परंतु शेवटच्या वेलीपर्यंत जोर पोहोचत नाही. इंजिनातही नेमके तेच घडते.

ही फट नव्या इंजिनात मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते, आणि तिच्यातून गळणारे ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली की इतर सर्व गोष्टी तशाच असताना गळती सुमारे आठपट होते. झीज हळूहळू होत असताना काटा मात्र एके दिवशी अचानक कोसळल्यासारखा का वाटतो, याचे उत्तर या गणितात आहे. दुसरा घटक ऑइलच्या दाटपणाचा. ट्रकमध्ये सर्रास वापरले जाणारे १५डब्ल्यू-४० प्रतीचे ऑइल ४० अंश सेल्सिअसला जितके दाट असते, त्याच्या साधारण सातवा हिस्सा दाटपणा त्यात १०० अंशांना उरतो. म्हणून पहाटे गाडी सुरू केल्यावर दिसणारा भरघोस दाब हा इंजिनाच्या तब्येतीचा पुरावा होऊ शकत नाही. खरा आकडा घाट चढून आलेल्या, पूर्ण तापलेल्या इंजिनाचा.

किती दाब पुरेसा, याचा आकडा इंजिनागणिक बदलतो आणि तो उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. तरीही अंदाजासाठी सांगायचे, तर जमशेदपूरच्या टाटा कमिन्स कारखान्यातून आलेल्या ५.९ लिटरच्या सहा सिलिंडरी ‘बी’ मालिकेच्या इंजिनाला गरम स्थितीत आयडलिंगवर किमान ०.७ किलो आणि पूर्ण फेऱ्यांवर किमान २.१ किलो दाब पुरतो. गॅरेजच्या भाषेतला हा ‘किलो’ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम. हे आकडे ऐकून अनेक मालक चकित होतात, कारण चार किलोची सवय झालेल्या डोळ्यांना गरम इंजिनाचा दीड किलो म्हणजे मरणपंथ वाटतो, आणि ठणठणीत इंजिन केवळ त्या धास्तीपायी खोलले जाते.

काट्याची साक्ष

डॅशबोर्डवरचा काटा दाब मोजत नाही. गॅलरीवर बसवलेला सेन्सर दाबानुसार आपला विद्युत रोध बदलतो आणि काटा तो रोध दाखवतो. जुन्या ट्रकमध्ये या सेन्सरला बहुधा एकच वायर येते आणि दुसरी जोडणी, म्हणजे अर्थिंग, त्याच्या आट्यांतून इंजिनाच्या धातूला मिळते. गळती थांबावी म्हणून कोणी त्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली की अर्थिंग बिघडते आणि काटा भलतेच सांगू लागतो. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली, तरी परिणाम तोच. पन्नास रुपयांच्या टेपने लाखाचे काम काढले, असे या धंद्यात घडू शकते.

म्हणून पहिले काम सेन्सर काढून त्याच्या जागी यांत्रिक गेज लावण्याचे. ही कृती जवळून पाहण्यासारखी आहे. सेन्सरभोवतीचा चिखल आणि तेलकट काजळी आधी डिझेलच्या फडक्याने पुसून घेतली जाते, कारण तीच माती छिद्रात गेली तर सरळ बेअरिंगात पोहोचते. मग सेन्सर पान्याने सोडवून त्याच आट्यांचा अडॅप्टर हाताने दोन-तीन फेरे फिरवला जातो, आटे जुळल्याची खात्री झाल्यावरच त्याला पाना लागतो, आणि त्याला जोडलेली जाड नळी बॉनेटखालून बाहेर काढून गेज खिडकीच्या आरशाला टांगले जाते. इंजिन सुरू होताच नळीतील हवा दबते, काटा थरथरतो आणि स्थिर होतो. थंड आयडलिंग, थंड १५०० फेरे, मग गाडी भरलेली असेल तर महामार्गावर एक फेरी आणि परतल्यावर गरम आयडलिंग, गरम १५०० व पूर्ण फेरे, असे आकडे कागदावर लिहून घेतले की अर्धे निदान झालेले असते.

कारण आकड्यांपेक्षा त्यांची चाल अधिक बोलकी असते. थंड इंजिनात दाब चांगला, गरम झाल्यावर आयडलिंगला तो घसरतो पण ॲक्सिलरेटर दिल्यावर पुन्हा उठतो, तर बेअरिंगांच्या फटी वाढल्या आहेत किंवा ऑइल पातळ झाले आहे. थंड असो वा गरम, दाब एका ठरावीक आकड्यावर अडकून बसतो आणि फेरे वाढवूनही हलत नाही, तर संशय रिलीफ वॉल्व्हवर जातो. दाब मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून जादा ऑइल परत सोडणारी ही स्प्रिंगवरची चकती किंवा दट्ट्या, कचरा अडकल्याने किंवा स्प्रिंग दमल्याने उघडीच राहते, आणि बऱ्याच इंजिनांत ती दुरुस्त करायला क्रँकला हात लावावा लागत नाही. काटा थरथरतो, चढावर किंवा ब्रेक मारताना पडतो आणि सपाटीवर सावरतो, तर दोष ओढणीच्या बाजूला असतो: ऑइलची पातळी कमी, चेंबरची जाळी गाळाने बुजलेली, किंवा पाइपच्या जोडातून हवा ओढली जात असलेली. चढावर चेंबरमधील ऑइल मागे सरते आणि जाळी पुढच्या बाजूस असेल तर ती उघडी पडते, हे कसाऱ्यातल्या तक्रारीचे अगदी साधे आणि वारंवार दुर्लक्षित कारण आहे.

आकडे बेअरिंगांकडे बोट दाखवत असतील, तर साक्षीदार आणखी एक असतो, तो म्हणजे जुना ऑइल फिल्टर. तो करवतीने न कापता कडेने कटरने उघडावा, म्हणजे करवतीचाच कीस आत पडत नाही. आतील घडीचा कागद उलगडून, निथळवून, उन्हात धरला की त्यावरचे कण दिसतात. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे, पांढुरके न चिकटणारे बहुधा पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे, आणि तांबूस चमक दिसली तर बेअरिंगच्या शेलवरचा वरचा मऊ थर संपून तांबे-शिशाचा थर झिजायला लागला आहे असे समजावे. तांबूस चमक दिसल्यावर मात्र गेजचा आकडा काहीही असो, गाडी घाटात पाठवू नये.

धुराचे तीन रंग आणि त्यांचे अपवाद

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळते आहे, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा पाण्याची वाफ आहे, एवढे प्रत्येक चालकाला ठाऊक असते. अडचण अपवादांत असते. निफाडकडे थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांखाली गेल्याची उदाहरणे आहेत. अशा पहाटे बाजार समितीच्या आवारात सुरू होणाऱ्या जुन्या ट्रकने पाच-सात मिनिटे पांढरा धूर सोडला, तर त्यात काही वावगे नाही, कारण थंड सिलिंडरमध्ये दाबलेली हवा डिझेल पेटण्याइतकी तापत नाही. हाच धूर दुपारी, तापलेल्या इंजिनातून येत असेल आणि नाकाला झोंबत असेल, तर कम्प्रेशन किंवा डिझेल पंपाचे टायमिंग तपासावे लागते. तो गोडसर वासाचा असेल आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेटकडे पाहावे लागते.

निळ्या धुराबाबत पेट्रोल गाड्यांवरून उसनी घेतलेली एक समजूत सर्रास चालते, ती म्हणजे उतारावर पाय काढून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर आला की वॉल्व्ह गाइड गेले. पेट्रोल इंजिनात पाय काढल्यावर थ्रॉटल बंद होऊन इनटेक मॅनिफोल्डमध्ये मोठी निर्वात स्थिती तयार होते आणि ती गाइडमधून ऑइल खेचते. जुन्या डिझेल ट्रकला सहसा थ्रॉटलच नसतो, त्यामुळे ही परीक्षा येथे तेवढी भरवशाची राहत नाही. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या सुरुवातीलाच निळा फवारा येऊन लगेच थांबत असेल, तर गाइडमधून ऑइल झिरपल्याचा संशय अधिक रास्त ठरतो. चढावर, भाराखाली सतत निळा धूर येत असेल तर रिंगांचा.

अगदी जुन्या गाड्यांत एक वेगळीच फसगत असते. त्यांच्या एअर क्लीनरमध्ये कागदी घटकाऐवजी ऑइलचे भांडे असते, ज्यात आत येणारी हवा धूळ टाकून पुढे जाते. या भांड्यावरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरले तर इंजिन ते थेट ओढून घेते आणि निळा धूर निघतो; रिंग-पिस्टन बदलूनही धूर जात नाही अशा काही तक्रारींचा उगम या भांड्यात असतो. आणि गाडी ऑइल तर खाते, परंतु धूर दिसत नाही, तेव्हा एअर ब्रेकच्या टाकीचा तळाचा कॉक उघडून पाहावा. ब्रेकसाठी हवा भरणारा कंप्रेसर इंजिनाच्याच ऑइलवर चालतो, आणि त्याच्या रिंगा झिजल्या की ऑइल हवेबरोबर टाकीत जाते. कॉकमधून पाण्याऐवजी काळसर ऑइलचा फवारा आला, तर दोष इंजिनाचा नसून कंप्रेसरचा आहे.

एक नोझल, दोन लक्षणे

नाशिकपुरते पाहिले तर या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग शहराच्याच औद्योगिक वसाहतीत तयार होत आला आहे. सातपूर परिसरातील मायकोचा कारखाना, ज्या कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, तो डिझेल इंजिनांची नोझले आणि इंजेक्टर यांसाठी ओळखला जातो. मायको सर्कल हे नाव शहराने अजून टिकवून ठेवले आहे. नोझल हे डिझेलचा अतिबारीक फवारा करणारे टोक. जुन्या यांत्रिक पद्धतीत ते दोनशे ते अडीचशे बार दाबाच्या आसपास उघडते आणि फवारा संपताच झटकन मिटते. त्याची सुई नीट मिटेनाशी झाली की फवाऱ्याऐवजी थेंब पडतात. हे थेंब पूर्ण जळत नाहीत, म्हणून धूर येतो. उरलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची पातळ साय धुऊन काढते, रिंगांजवळून खाली उतरते आणि चेंबरमधील ऑइलमध्ये मिसळते. डिझेलचा दाटपणा ऑइलच्या मानाने नगण्य असल्यामुळे थोड्याशा मिश्रणानेही ऑइल पातळ होते आणि गरम इंजिनाचा दाब घसरतो. एका गळक्या नोझलने धूर आणि दाब या दोन्ही तक्रारी एकत्र आणल्या, आणि इंजिन मात्र बिनदोष आहे, अशी ही स्थिती. ज्या डिझेल पंपाला इंजिनाच्याच ऑइलचे वंगण मिळते, त्याचे एलिमेंट झिजले तरी डिझेल याच मार्गाने ऑइलमध्ये उतरते.

हे ओळखण्याची खूण डिपस्टिकवर असते. ऑइल खाणाऱ्या इंजिनाची पातळी उतरली पाहिजे. येथे ती तशीच राहते किंवा चढते, आणि ‘गाडी ऑइल अजिबात खात नाही’ म्हणून मालक खूश असतो. डिपस्टिकचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळून वास घ्यावा, एक थेंब गाळणकागदावर ठेवून काही तास सोडावा. काळ्या डागाबाहेर फिकट, पारदर्शक कडे पसरले तर डिझेलचा संशय बळावतो. ऑइल दुधाळ दिसले तर मात्र त्यात पाणी आहे, आणि तापलेल्या पत्र्यावर टाकलेला थेंब तडतडला की त्याची खात्री पटते.

कोणते नोझल दोषी, हे शोधण्याची जुनी रीत म्हणजे आयडलिंगवर एकेका सिलिंडरच्या हाय-प्रेशर पाइपचा नट किंचित सैल करणे. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर धूर थांबतो, तेथे नोझल काढून टेस्ट बेंचवर लावावे. मात्र ही रीत यांत्रिक पंपापुरतीच. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांत त्या पाइपमधला दाब हजार बारच्या कितीतरी वर जातो आणि तो फवारा कातडी भेदून आत शिरू शकतो. जुन्या हाताने नव्या गाडीवर हा प्रयोग करणे म्हणजे बोट गमावण्याची तयारी ठेवणे.

टर्बोवर आलेला आळ

एक्झॉस्टमध्ये ऑइल दिसले की टर्बो बदलण्याची घाई होते. टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या थरावर फिरतो आणि वापरलेले ऑइल केवळ स्वतःच्या वजनाने नळीतून चेंबरमध्ये परतते. पिस्टन रिंगा झिजल्या की जळता वायू खाली चेंबरमध्ये शिरतो. यालाच गॅरेजमध्ये ‘बॅक कम्प्रेशन’ म्हणतात, आणि ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर भकभक निघणारा धूर ही त्याची खूण. चेंबरमध्ये असा दाब साचला की टर्बोचे ऑइल परतू शकत नाही आणि सीलमधून एक्झॉस्टकडे निसटते. नवा टर्बो बसवला तरी तोही महिन्याभरात तसाच ओकू लागतो. उलट, अनेकदा नुसती ब्रीदरची नळी, म्हणजे चेंबरमधील वाफ बाहेर सोडणारा मार्ग, चिखलाने किंवा घट्ट काजळीने बुजलेली असते आणि ती साफ करणे हाच इलाज असतो. टर्बो काढण्यापूर्वी ब्रीदर पाहावा आणि झाकणातून येणारा धूर मोजावा, हा क्रम उलटा झाला की मालकाचे पैसे दोनदा जातात.

प्रमाणपत्रात न दिसणारे

आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता तपासणीला सामोरे जावे लागते, आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र त्याशिवाय वेगळे. भारत स्टेज-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला धुराच्या गडदपणाची मर्यादा ६५ हार्टरिज एकके, तर स्टेज-४ च्या गाडीला ५० आहे. ही चाचणी उभ्या गाडीत, इंजिन गरम करून, ॲक्सिलरेटर झटक्याने दाबून घेतली जाते. त्यामुळे पहिल्या सुरुवातीचा निळा फवारा तिच्यात येत नाही, दहा टन कांदा घेऊन घाट चढतानाचा काळा धूरही येत नाही, आणि ऑइलच्या दाबाशी तर तिचा संबंधच नाही. प्रमाणपत्र खिशात असलेली गाडी कसाऱ्यात मागच्या वाहनांना दिसेनासे करते, यात फसवणूकच असते असे नव्हे. चाचणीचा आवाकाच तेवढा आहे. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले, हे लक्षात घेता हा आवाका अपुरा आहे असे म्हणणे भाग आहे.

निदानाची मजुरी

प्रश्न ज्ञानाचा कमी आणि मोबदल्याचा अधिक आहे. वर सांगितलेल्या जवळपास सर्व तपासण्या येथील अनुभवी मिस्त्रींना येतात. परंतु गेज लावून, फिल्टर उघडून, नोझल तपासून ‘इंजिनाला काही झालेले नाही’ असे सांगणाऱ्या मिस्त्रीला त्या अर्ध्या दिवसाचे पैसे देण्याची रीत नाही. मजुरी मिळते ती इंजिन खोलल्यावर: क्रँक ग्राइंडिंगला गेला, ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइझ शेल आले, बोअर झाला, की बिल होते. कमिन्सच्या ‘बी’ इंजिनासारख्या, वेगळे लायनर नसलेल्या ब्लॉकला बोअर करायचे, तर खर्च आणि दिवस दोन्ही वाढतात. अशा व्यवस्थेत मिस्त्रीला दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण मालकही चहाच्या घोटाबरोबर फुकट निदान मागतो आणि हप्त्याच्या धास्तीने गाडी त्याच संध्याकाळी भरायला लावतो.

यातून मार्ग काढणे वाहतूकदारांच्या हातात आहे. जिल्ह्यातील वाहतूकदार संघटनांनी गरम इंजिनाचे दाबाचे वाचन, नोझलची बेंच चाचणी आणि फिल्टर उघडून पाहणे या तीन कामांचा दर ठरवावा, तो इंजिन खोलले नाही तरी द्यावा, आणि प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी ही वाचने गाडीच्या वहीत तारखेसह लिहून घ्यावीत. तोपर्यंत चालकाने एवढे करावे: चालत्या गाडीत ऑइलचा दिवा लागला किंवा काटा तळाला गेला, तर पुढच्या गॅरेजपर्यंत न जाता गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे, आणि आधी डिपस्टिक पाहावी.